पत्त्यातच 'रोड' आहे हो!

श्री. रा. रा. वाढीव वॉरंटीवाले साहेब यांसी,


मंगळवारी परत तुमच्या काउंटरवर उभा होतो. एकच टायर हवं होतं, पुढचं डावीकडचं. बिल करता करता, मान वर न करता तुम्ही विचारलंत, "काका, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू का? फक्त ४९९." धन्य आहे तुमची! क्लेम फेटाळल्याचं पत्र माझ्या खिशात, आणि त्याच चाकाला तुम्ही पुन्हा वॉरंटी विकताय.

गेली दिवाळी आठवा. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आलेला. सुटलेले पैसे खिशात पडायच्या आत तुम्ही ते झेलायला हजर. चार टायर, चार वॉरंट्या, १,९९६ रुपये. "खिळा, काच, खड्डा, सगळं बसतं काका." शब्द तुमचे.

मग पाऊस आला. कारखाना दोन गल्ल्या राहिला असताना पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात चाक आदळलं. सकाळी बघतो तर टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा. पंक्चरवाल्याकडून टायर कापून घेतलं, कारण तीस वर्षं मागावर टॉवेल काढतोय, आत काय तुटलंय ते बघितल्याशिवाय चैन पडेना. रबराच्या आत पॉलिस्टरचे दोरे, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. जवळजवळ नुसता ताणा, बाणा नावालाच. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात ते चिमटले आणि तुटले. वरचं रबर शाबूत, पण आतून हवेला धरायला दोरा उरला नाही, म्हणून फुगा. कुशीला पॅच लागत नाही, टायर बाद. मागावरचं पोरगंही सांगेल, ही झीज नव्हे, हा मार आहे. खड्ड्याचा.

फोटो तुम्हीच मागवलेत, कारखान्याच्या फाटकासमोर काढून पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आलं : "सदर वाहन ऑफ-रोड वापरल्याचे छायाचित्रांवरून दिसते. दावा अमान्य."

ऑफ-रोड! अहो, अक्कलकोट रोड एमआयडीसी! पत्त्यातच रोड आहे. मी काय लडाखला गेलो होतो? माझी गाडी घर ते कारखाना, कारखाना ते ट्रान्सपोर्ट, आणि वर्षातून चारदा अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला. डिकीत टॉवेलचे नमुने. फोटोत मागं चिखल आणि खडी दिसली म्हणून हे ऑफ-रोड होणार असेल, तर पावसाळ्यात निम्मी एमआयडीसी ऑफ-रोडच राबते म्हणायची. खड्डा कोणाच्या हद्दीत येतो, त्यासाठी वेगळं पत्र लिहीन.

दर ५,००० किलोमीटरला अलाइनमेंटची पावती, तीही तुमच्याच दुकानाची, हे कलम मी नंतर भिंग लावून वाचलं. क्लेम मंजूर झाला असता तरी झिजलेल्या नक्षीचे पैसे कापून उरलेलंच हातात आलं असतं, हेही तिथंच. असो.

आमच्या धंद्यात टॉवेलमध्ये एक ताणा तुटलेला निघाला तर व्यापारी गठ्ठाच परत पाठवतो, भाडंही आमच्याच बोकांडी. "तुम्ही कुठल्या रस्त्यानं नेला?" असं विचारायची सोय नाही. आणि आईनं लग्नात दिलेली सोलापुरी चादर आमच्या घरी अजून अंगावर आहे. तिच्याबरोबर कुठलं कार्ड आलं नव्हतं.

ही फसवणूक आहे साहेब. विकताना खड्डा, भरपाई द्यायची वेळ आली की ऑफ-रोड. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, हे मला चार जणांनी सांगितलं. पण एका टायरसाठी माणूस माग बंद ठेवून किती तारखा करणार? हा हिशोब ज्यानं आधी मांडला, त्यानंच ते कलम लिहिलंय.

मंगळवारी हे सगळं मी ओरडून बोललो. तुम्ही मला बाजूला, पाण्याच्या जारपाशी नेलंत आणि हळूच म्हणालात, "काका, दिवसाला पाच खपल्या नाहीत तर संध्याकाळी मॅनेजर सगळ्यांसमोर उभं करतो. क्लेमचं माझ्या हातात काहीच नसतं." बाहेर तुमची मोटारसायकल उभी होती. मागचं टायर पार गोटा, एका जागी दोरे दिसतायत. दिवसभर नव्या टायरांत वावरणाऱ्या पोराची ही गाडी. मग मला आवाज चढवता येईना.

तर टायर घेतलं, वॉरंटी नको. ते ४९९ घरच्या डब्यात टाकलेत. तिथं क्लेम लगेच मंजूर होतो, फोटोही लागत नाही. तुझं मागचं टायर बदलायला पैसे कमी पडत असतील तर संकोच न करता कारखान्यावर ये.

कळावे,
तुमचं एक गिऱ्हाईक

ता. क. : येताना दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी उजवीकडून ये. डावीकडं पाणी साचलंय, खड्डा दिसत नाही.