पेंटर, पाचोड

पेंटर बंदूक विकत घेताना कानाशी धरून हलवतो, नारळ हलवतात तशी. फरक एवढाच, की नारळ वाजला तर आपण तो घेतो आणि बंदूक वाजली की पेंटरचं तोंड कडू होतं. "पोकळ आहे सर. आतमधी नुसती स्प्रिंग खुळखुळू राहिली. अंगात कायच नाही हिच्या." हे तो अशा काळजीनं सांगतो, की वाटावं, एखाद्या अशक्त पोरीला तपासून डॉक्टर बाहेर आलाय.

सोलापूर-धुळे महामार्गावर पाचोडला उतरा आणि 'पेंटर कुठं बसतात' म्हणून विचारा. कोणीही बोट दाखवील. नाव मात्र विचारू नका. ते रेशनकार्डावर असेल तेवढंच. किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची वाक्यं, मोसंबीच्या अडत्यांचे बोर्ड, निवडणुकीतल्या भिंती, सगळं याच्याच हातचं. मग फ्लेक्स आला. वाढदिवसाचे दादा गॉगल, सोन्याची साखळी आणि पन्नास शुभेच्छुकांसकट दोन तासांत छापून मिळायला लागले आणि पेंटरचे ब्रश डब्यातच वाळले. दुसरा असता तर त्यानं कर्ज काढून फ्लेक्सचं मशीन टाकलं असतं. पेंटर बंदुकांकडे वळला.

घाबरू नका. वाजणाऱ्या बंदुकांकडे नाही.

त्याचं असं झालं. एका गणेश मंडळानं कारगिलचा सजीव देखावा करायचं ठरवलं आणि ऑनलाइन सहा बंदुका मागवल्या. एअरसॉफ्ट म्हणतात त्या, सहा मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे छर्रे उडवणाऱ्या. खोक्यातून निघाल्या त्या चकचकीत, हलक्या आणि नळीच्या टोकाला भडक नारिंगी टोपी घातलेल्या. तालमीला जमलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "हे काय, गाजरं लावलीत का पुढं?" मंडळाचा अध्यक्ष रात्रीतून बंदुका घेऊन पेंटरकडे गेला. सकाळी परत आल्या तेव्हा त्या पाहून अध्यक्षाचीच आई ओरडली, की ही असली वस्तू घरात ठेवायची नाही. पेंटरच्या आयुष्यात इतकी दाद त्याला कुठल्याही पाटीनं मिळवून दिली नव्हती.

मी इथल्या शाळेत नोकरी करतो आणि स्नेहसंमेलनाचं नाटक दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं, म्हणून त्याची कारागिरी मला जवळून बघायला मिळाली. आधी तो साच्याची रेघ शोधतो. प्लॅस्टिकचे दोन भाग जिथं जुळतात तिथं एक बारीक धार राहते. "नकली वस्तू इथं पकडली जाती सर," म्हणत तो ती पॉलिश पेपरनं घासून काढतो. स्क्रूची भोकं एमसीलनं बुजवतो. मग मॅट काळा स्प्रे. आपल्याला वाटतं, झालं काम. पेंटरचं खरं काम इथून सुरू होतं. शाळेतल्या पेन्सिलींची टोकं तो ब्लेडनं तासतो, ती काळी भुकटी बोटाच्या पेरावर घेतो आणि कडांवर चोळत बसतो, आई बाळाला पावडर लावते तशी. दहा मिनिटांत प्लॅस्टिकच्या कडेला लोखंडाची झाक येते. मग चंदेरी रंगात बुडवून पुसलेला, जवळपास कोरडाच ब्रश. तो कुठं फिरवायचा यावर मात्र पेंटर अडून बसतो.

"ही कोण वापरणार?"

"आठवीतला एक मुलगा."

"उजवा का डावा?"

"काय फरक पडतो पेंटर?"

तो माझ्याकडे दयेनं बघतो. रंग झिजतो तो हात लागतो तिथंच. डावरा माणूस बंदूक वेगळीकडे धरतो, पट्टा वेगळीकडे घासतो. चुकीच्या जागी झिजलेली बंदूक म्हणजे डाव्या बुटाचा तळ उजव्या बुटाला. मी त्या मुलाला बोलावून घेतलं. पेंटरनं त्याच्या हातात काठी दिली आणि पाच मिनिटं त्याला दुकानासमोर गस्त घालायला लावली. खडूनं खुणा केल्या. शिंप्यानं सफारीचं माप घ्यावं, तसं त्यानं त्या पोराच्या झिजेचं माप घेतलं.

दस्ता लाकडाचाच हवा. सुताराकडून सागाचा तुकडा आणतो आणि त्याला जवसाचं तेल पाजतो. एक हात, वाळवण, दुसरा हात, वाळवण, असं आठवडाभर. जगभरच्या फौजांनी रायफलींच्या दस्त्यांना हेच तेल चोळलं, आणि आपण ते चटणीवर घेत आलो. हे कळल्यापासून पेंटर जवसाच्या चटणीकडेही आदरानं बघतो. राहिलं वजन. शेजारच्या टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करायची जी शिशाची वजनं निघतात, ती दस्त्यात भरतो. खरी एके-४७ चार किलोच्या आगेमागे भरते, म्हणून पेंटरचीही तेवढीच. आमचा आठवीतला क्रांतिवीर पहिल्या अंकात ती खांद्याला लावून उभा होता, दुसऱ्या अंकात कमरेला टेकवून, आणि हुतात्मा झाला तो ठरल्या वाक्याच्या तीन वाक्यं आधी. प्रेक्षकांना वाटलं गोळी लागली. पोरगं नुसतं दमलं होतं.

तशी अशी माणसं प्रत्येक तालुक्यात एखाद-दुसरी असतातच. नाटकातल्या भीष्माची दाढी खऱ्या केसांची पाहिजे म्हणून न्हाव्याकडे पोतं घेऊन बसणारे, मिरवणुकीतल्या मावळ्याची ढाल चामड्याचीच पाहिजे म्हणून भांडणारे. यांना खोटं चालतं, पण खोटं दिसलेलं खपत नाही.

पेंटरचा पहिला पराभव मात्र खरेपणानंच केला. पुढच्या वर्षी सुट्टीवर आलेल्या एका फौजीनं त्याला सांगितलं, की कारगिलला एके-४७ काय दाखवता, आमच्याकडे इन्सास होती. पेंटरला ते लागलं. ही रायफल आपल्याच पुण्याची, पाषाणच्या संरक्षण संस्थेत आखलेली, आणि १९९९ च्या लढाईत आपल्या जवानांच्या हातात होती. तिचं एक वैशिष्ट्य फौजीनं मुद्दाम सांगितलं. मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं, म्हणजे आत किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसतं. पेंटरनं खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या जमवल्या, इस्त्रीवर तापवून वाकवल्या आणि तंतोतंत मॅगझिनं केली. फौजीनं हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि नुसतं "जय हिंद" म्हणाला.

मंडळाच्या पोरांनी बघितल्या आणि म्हणाली, "पेंटर, ह्या तर खेळण्यातल्या वाटायलेत."

त्यानं खूप समजावलं. फौजीला उभं केलं. फौजी म्हणाला, मी तीच घेऊन बर्फात बसलेलो आहे. पोरं म्हणाली, "दादा, तुमचं बरोबर असंल, पण पब्लिकला पटणार नाही." पब्लिकनं बंदूक पाहिलेली असते ती सिनेमात, आणि तिथं ती काळी, वाकड्या मॅगझिनची असते. शेवटी पेंटरनं रात्री ती मॅगझिनं काळी केली. त्या दिवशी तो जेवला नाही, असं त्याची बायको सांगते.

सूड त्यानं आमच्यावर उगवला. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत रझाकारांचा प्रसंग होता. मी बंदुका मागितल्या, त्यानं दोन एके-४७ पाठवल्या. मी धावत दुकानात गेलो. "अहो, हैदराबाद संस्थान १९४८ ला भारतात आलं आणि ही बंदूक रशियाच्या फौजेतच १९४९ ला आली. रझाकारांच्या कासिम रझवीकडे ती कुठून येणार?" पेंटर ब्रश धूत शांतपणे म्हणाला, "पब्लिकला पटंल." आणि पटलं. समोर बसलेल्या शंभरातल्या एकालाही काही खटकलं नाही. प्रमुख पाहुण्यांनी तर नेपथ्याचं खास कौतुक केलं.

फसले नाहीत ते फक्त वानर. एका मोसंबीवाल्यानं बागेतल्या बुजगावण्याच्या हाती द्यायला बंदूक करून नेली. दुसऱ्या दिवशी एक हुप्प्या त्याच बंदुकीच्या नळीवर बसून मोसंबी सोलत होता. पेंटर ही गोष्ट स्वतः सांगतो आणि वर पुस्ती जोडतो, "त्याला सिनेमा माहीत नाही ना."

नारिंगी टोपीची हकीकत मी त्याला एकदा सांगितली. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानं खेळण्यातल्या बंदुकीला ठळक नारिंगी टोक सक्तीचं केलं. जपानमध्ये, जिथं १९७० च्या दशकात या छर्ऱ्यांच्या बंदुका निघाल्या, तिथं १९७१ पासून धातूच्या नकली पिस्तुलाला पांढरा किंवा पिवळा रंग द्यावाच लागतो आणि नळीही बुजवावी लागते. पेंटर विचारात पडला. "म्हंजे तिकडं सरकारच पेंटरला काम देतं," तो म्हणाला, "आणि इकडं मी त्यांचं काम पुसत बसतो."

आपल्याकडचा १९५९ चा शस्त्र कायदाही मी सांगितला. नकली बंदुकीची परवान्याशिवाय खरी बंदूक करणं त्याच्या सहाव्या कलमानं गुन्हा आहे. "आपण दिसण्याचं काम करतो सर, वाजण्याचं नाही," तो म्हणाला. वाजण्याचं काम विंगेतला सुतळी बॉम्ब करतो, आणि तो नेहमी माणूस मेल्यावर वाजतो. पण त्या दिवसापासून एक झालं. कमरेला पिस्तूल खोचून रील काढायची म्हणून गल्लीतले दोन-तीन भाऊ आले, तेव्हा त्यानं त्यांना दारातूनच परत लावलं. खेळण्यातलं पिस्तूल दाखवून पोलीस ठाण्याची पायरी चढलेली पोरं पेपरात दर आठवड्याला असतात. "पाटी पाहिजे असली तर सांगा," तो म्हणाला. पाटी कोणालाच नको होती.

एक गोष्ट मात्र पेंटरला सोडवत नाही. पाटी रंगवली की कोपऱ्यात आपलं नाव टाकायचं, ही त्याची जन्माची सवय. इतकी मेहनत करून, रेघ घासून, जवस पाजून, डाव्या-उजव्याची झीज काढून जी रायफल तो उभी करतो, तिच्या दस्त्याच्या बुडाशी पिवळ्या ऑइल पेंटनं सुबक अक्षरात लिहिलेलं असतं: 'पेंटर, पाचोड. सर्व प्रकारचे बोर्ड करून मिळतील.' खाली मोबाइल नंबर.

मी कितीदा म्हणालो, की यानं सगळा खरेपणा जातो. गेल्या हिवाळ्यात आम्ही नाटक घेऊन बाहेरगावी निघालो होतो. रात्री साडेदहाला वाटेत पोलिसांनी टेम्पो अडवला. टॉर्चच्या उजेडात ताडपत्रीखाली आठ रायफली. शिपायाचा हात थरथरला, आमचे पाय. मुख्याध्यापकांना बोलता येईना. शिपायानं एक रायफल उचलली, वजन जाणवलं तसा तो आणखी गंभीर झाला, आणि मग त्याचा टॉर्च दस्त्याच्या बुडाशी गेला. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. दुसरी उलटी केली, तिसरी केली. मग मोबाइल काढून तो नंबर लावला आणि पलीकडे झोपेतून उठलेल्या पेंटरला विचारलं, "दुकानाच्या पाटीचं फुटाला काय घेता?"

त्या पाटीची ऑर्डर अजून आलेली नाही. रायफलींवरचं नाव काढा, असं मात्र मी तेव्हापासून म्हणत नाही.

यंदा सतरा सप्टेंबरला पेंटर हट्टानं ठासणीच्या बंदुका करणार आहे, पब्लिकला पटो न पटो. पाच करायच्या आहेत. सागाचे तुकडे मिळालेत, शिसं टायरवाल्यानं बाजूला काढून ठेवलंय. कोणाच्या घरी घाण्यावरचं जवसाचं तेल असेल तर वाटीभर दुकानावर पोचवावं. करडईचं आणू नये, ते लवकर वाळत नाही म्हणून पेंटरनं एकदा परत पाठवलं आहे.