तो तक्ता फाडून टाका

वर्षानुवर्षं सबव्हर्जनवर काम केलेल्या माणसाला गिट शिकवायचं ठरलं की त्याच्या हातात एक तक्ता देतात. डावीकडे जुनी कमांड, उजवीकडे नवी. हा तक्ता शिकणाऱ्याचं नुकसान करतो.

सबव्हर्जनमध्ये कमिट केलं की काम थेट सर्व्हरवर जातं. गिटचं कमिट आपल्याच लॅपटॉपवर राहतं; पुश केल्याशिवाय ते कुणाला दिसत नाही. तक्त्यावर विसंबलेला माणूस संध्याकाळी निर्धास्त घरी जातो आणि सकाळी टेस्टर विचारतो, बदल आहेत कुठे? रिव्हर्टचं तर आणखी कठीण. तिकडे रिव्हर्ट म्हणजे कमिट न केलेले बदल टाकून फाइल पूर्ववत करणं. इकडे रिव्हर्ट म्हणजे आधीचं कमिट उलटवणारं आणखी एक कमिट. चेकआउट तिकडे सर्व्हरवरून प्रत आणायचं. इकडे ते ब्रँच बदलतं, आणि फाइलचं नाव दिलं तर तिच्यातले ताजे बदल न विचारता पुसतं. एकाच कमांडवर इतकी कामं लादणं हा गिटचाच दोष. 2019 साली 2.23 आवृत्तीत स्विच आणि रिस्टोअर वेगळ्या झाल्या, तरी कितीतरी तक्त्यांत अजून चेकआउटच छापलेलं असतं.

आणि मग गोंधळलेल्या सीनियरला 'यांना नवं जमत नाही' म्हणून मोकळे होतात. याचा मला राग येतो. त्यांना मूळ रचना कुणी सांगितलेलीच नसते.

सबव्हर्जनला एकच केंद्र, म्हणून तिथे 1, 2, 3 असे आवृत्तीचे अनुक्रमांक चालतात. लिनक्स कर्नलच्या मंडळींची बिटकीपर या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची फुकट सोय 2005 मध्ये बंद झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं ते जगभर विखुरलेल्या प्रोग्रामरांसाठी. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास. मग पुढचा क्रमांक देणार कोण? म्हणून मजकुरावरून काढलेला चाळीस अक्षरी हॅश, आणि प्रत्येक कमिटला आपल्या आधीच्या कमिटची ओळख. ब्रँच म्हणजे एखाद्या कमिटकडे बोट दाखवणारं, पुढे सरकणारं नाव, बस. एवढं फळ्यावर काढून दाखवलं की मर्ज आणि रीबेस समजायला लागतात.

दुसरी गोष्ट रिफ्लॉग, म्हणजे ब्रँच कुठून कुठे सरकली याची गिटने आपल्या लॅपटॉपवर ठेवलेली नोंदवही. ती शेवटच्या तासाला उरकतात. ती पहिल्या तासाला हवी. रीबेस फसलं की कमिट गेलं असं वाटतं, पण ते सहसा तिथेच असतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये अशा नोंदी निदान 30 दिवस टिकतात. शिकणाऱ्याला एक कमिट मुद्दाम हरवायला लावा, रिफ्लॉगमधून स्वतः परत आणायला लावा, आणि त्यानंतरच त्याला खऱ्या प्रोजेक्टवर बसवा.