युअर्स फेथफुली, मुक्काम नांदेड

अमक्या माणसाला इंग्रजीत अर्ज लिहिता येतो, अशी बातमी नांदेडात एकदा गल्लीभर झाली, की त्या माणसाचं खासगी आयुष्य संपलं म्हणून समजा. मी हे बरीच वर्षं भोगतो आहे. तुमच्यातही असे पीडित असतील. बसा, चहा घ्या, कारण प्रकरण लांबणार आहे.

येणारा माणूस साधं पत्र कधीच मागत नाही. "सर, जरा हार्ड इंग्लिश टाका," म्हणतो. वाचणाऱ्या साहेबाला डिक्शनरी काढायला लागली पाहिजे, ही त्याची किमान अपेक्षा. कुणाचा कूलर पाणी ओढत नाही, कुणाच्या पॉलिसीवर बायकोच्या नावातला एक 'एच' गळालाय. शेजाऱ्याच्या साडूची लातुरात डाळमिल आहे, त्याचे तूरडाळीचे पैसे बाहेरच्या राज्यातल्या एका व्यापाऱ्यानं अडवून धरलेत. मी त्याला दोन ओळींत 'पैसे पाठवा' असं लिहून दिलं. त्यानं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "एवढंच?" आडत बाजारात फोनवरच्या एका शिवीत जे मावतं त्याला इंग्रजीत एक पान तरी लागलंच पाहिजे, असं त्याचं मत. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. मग 'इट इज विथ डीप रिग्रेट'पासून सुरुवात करून पान भरून दिलं. पैसे अद्याप यायचे आहेत, पण पत्राची एक प्रत त्यानं लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावली आहे.

ही विद्या मी आणली कुठून? रेन आणि मार्टिन. 1935 साली निघालेलं ते व्याकरणाचं पुस्तक अजून आमच्या कपाटात आहे. त्यातले रेनसाहेब मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते, आणि जगात त्यांचं नाव झालं ते फ्रेंचांच्या परकीय फौजेवर लिहिलेल्या 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे. म्हणजे पाहा, वाळवंटातल्या किल्ल्यात लढून मरणारे शिपाई रंगवणाऱ्या गृहस्थाकडून आम्ही दोन दिवसांच्या किरकोळ रजेचा अर्ज शिकलो. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच आवेशात झाला, यात आमचा काय दोष?

पुस्तकानंतर टायपिंग इन्स्टिट्यूट. पोराचा निकाल लागला की त्याला आधी टायपिंगला घालायचं, पुढचं पुढं, अशी आमच्याकडची रीत. लिपिक व्हायचं तर शासनानं वेग ठरवून दिलेला: मराठी मिनिटाला 30 शब्द, किंवा इंग्रजी 40. हे नीट वाचा. जन्मल्यापासून आम्ही मराठीत भांडतोय, आणि शासनाचा भरवसा मात्र आमच्या इंग्रजीवर दहा शब्दांनी जास्त. असो. इन्स्टिट्यूटच्या मास्तरांनी शिकवलं की आपला पत्ता उजवीकडे वर, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी आत. खाली तारीख. ज्याला लिहायचं तो डावीकडे. परिच्छेद पाच घरं सोडून. सही खाली उजवीकडे. कार्बन उलटा लागला तर मास्तर बोलायचे नाहीत, नुसते बघायचे.

मग संगणक आला आणि कुणीतरी सगळं उचलून डावीकडे नेऊन ठेवलं. पत्ता डावीकडे, तारीख डावीकडे, सहीसुद्धा डावीकडे. परिच्छेदाची पाच घरं रद्द. डिअर सरच्या पुढचा स्वल्पविराम ऐच्छिक. याबाबत शासन निर्णय निघाला का? हरकती मागवल्या का? एखादी सुनावणी? 1982 साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा काढला, तेव्हा निदान लोकांना कळवलं तरी होतं. इथं तारीख रातोरात एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली आणि दोन्ही जिल्ह्यांत एक साधा मोर्चा निघाला नाही. माझ्या पत्राच्या उजव्या अंगाला आज जी मोकळी जागा पडून आहे, तिचं काय करायचं याचंही मार्गदर्शन कुणी केलेलं नाही.

सहीच्या वरचं प्रकरण याहून गंभीर. नियम असा की पत्र 'डिअर सर' असं बिननावी सुरू केलं तर शेवटी 'युअर्स फेथफुली', आणि नाव घेऊन सुरू केलं तर 'युअर्स सिन्सिअरली'. म्हणजे ज्याचं नावगाव ठाऊक नाही त्याच्याशी एकनिष्ठ राहायचं, आणि ओळखीच्या माणसाला नुसत्या प्रामाणिकपणावर वाटेला लावायचं. मोठे साहेब एकमेकांना अर्धशासकीय पत्र लिहितात तेव्हा तर 'माय डिअर' चालतं. इतक्या वर्षांत मला 'माय डिअर' कुणीही लिहिलेलं नाही. घरच्यांकडून माझी अपेक्षाही नव्हती, पण शासनाला काय हरकत होती?

आणि 'युअर्स'मध्ये शेवटच्या अक्षराआधी डोक्यावर टिकली द्यायची नसते. मी ती कधी दिली नाही. कचेरीसमोरचा डीटीपीवाला मुलगा मात्र ती स्वखर्चानं देतो. मी खोडायला सांगितलं की म्हणतो, "सर, मी रोज एवढे अर्ज काढतो, आजपर्यंत कुणाचा परत आला नाही." त्याच्याकडे एकच फाइल आहे. तिच्यातलं नाव पुसून नवं घालायचं, खाली प्रिंट. एकदा घाईत विषय पुसायचा राहिला. आमच्या गल्लीतून एका कूलरच्या कंपनीला तक्रार गेली, विषय 'ॲप्लिकेशन फॉर मॅटर्निटी लीव्ह'. अर्जदार पुरुष, वय साठच्या पुढं. कंपनीनं कसलाही खुलासा मागवला नाही. यावरून काय सिद्ध होतं ते तुम्हीच ठरवा, मी पक्षकार असल्यामुळे बोलत नाही.

हा छळ माझ्यापासून सुरू झाला असता तर मी सोसलाही असता. तो वारसाहक्कानं आलेला आहे. निजामाच्या राज्यात 1884 पर्यंत दरबारी कामकाज फारसीत चाले, मग ते उर्दूत आलं. आजोबा उर्दू दरख्वास्त लिहून घ्यायला अर्जनवीसासमोर बसत आणि तो काय लिहितोय हे न कळता मान हलवत. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. वडिलांनी मोठ्या उमेदीनं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणली आणि इंग्रजी घोटायला घेतलं. ते हाताला वळतंय तोवर आपण महाराष्ट्रात आलो, 1964 चा राजभाषा अधिनियम आला आणि राज्याचा कारभार मराठीत करायचं ठरलं. एका घरानं तीन पिढ्यांत तीन भाषांमधून अर्ज केले. अर्जाचा विषय बदलायची गरज मात्र कधी पडली नाही.

मग मराठीतच का लिहीत नाही, असं तुम्ही विचाराल. कायदा माझ्या बाजूनं आहे, हेच तर दुखणं आहे. संविधानाच्या 350 व्या कलमानुसार कोणत्याही व्यक्तीला आपलं गाऱ्हाणं केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्यापुढं, तिथं वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. संविधानकर्त्यांनी गाऱ्हाण्याची खास सोय केली, त्यांचे उपकार. पण गाऱ्हाणं समजून घेण्याची भाषा कोणती, हे कलमात नाही. शिवाय हे झालं सरकारचं. पंखा, फ्रिज आणि मोबाइलवाल्यांना 350 वं कलम लागू नाही.

सरकारी उदाहरण हवं तर रेल्वेचंच बघा. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, मुख्यालय मुंबई. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, मुख्यालय सिकंदराबाद. केंद्राच्या 1976 च्या राजभाषा नियमांत महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात बसतो आणि तेलंगण 'ग' क्षेत्रात. नियम हिंदीबद्दलचे, पण मी त्यातून अर्थ काढला तो असा: लातूरकर आपल्या साहेबाला बिनधास्त मराठीत खरडू शकतो, आणि शेजारचा नांदेडकर 'ख'मध्ये बसून 'ग'कडं पाहत इंग्रजीत 'काइंडली डू द नीडफुल' लिहितो. लातूरवाल्यांना आधीच आपल्या शिक्षणाच्या पॅटर्नचा केवढा अभिमान. त्यात ही सवलत.

याच रेल्वेच्या संदर्भात बंगालच्या ओखिल चंद्र सेन यांचा उल्लेख करणं भाग आहे. 1909 साली, म्हणून सांगतात, फणस खाऊन त्यांचं पोट फुगलं, गाडी थांबली तेव्हा ते आडोशाला गेले, गार्डनं शिट्टी मारली, आणि एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर धरून धावताना ते फलाटावर सर्वांसमक्ष पडले. स्टेशनाचं नाव अहमदपूर. आमचं नव्हे, तिकडचं. लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरला रेल्वे नसल्यामुळे तिथं हा प्रसंग ओढवू शकत नाही. सेनबाबूंनी साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला इंग्रजीत तक्रार ठोकली. त्यात कर्त्याचा क्रियापदाशी संबंध नाही, काळाचा काळाशी नाही. आणि त्या पत्रामुळे, असं म्हणतात, खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले! या देशात दुसऱ्या कुणाच्या इंग्रजी तक्रारीला एवढं यश आलं असेल असं मला वाटत नाही. आणि इकडे मी 'अ' की 'ॲन' की 'द' यासाठी रात्री कंदिलासारखा जागतोय.

आता माझं स्वतःचं प्रकरण. पंख्याचा रेग्युलेटर एकवर ठेवला तरी पाचवर फिरतो आणि पाचवर ठेवला की बंद पडतो. कंपनीचं नाव घेत नाही, प्रकरण प्रलंबित आहे. मी रीतसर पत्र लिहिलं. विषय, संदर्भ, बिलाची सत्यप्रत, शेवटी फेथफुली, टिकलीविना. उत्तर आलं ते 'डिअर व्हॅल्यूड कस्टमर'ला. खाली सही नाही, नाव नाही, फेथफुली नाही, सिन्सिअरलीही नाही. फक्त 'वॉर्म रिगार्ड्स'. मे महिना, नांदेडात पारा बेचाळिसाच्या वर, वर पंखा बंद, आणि कंपनी मला ऊब पाठवते.

दुसरं पत्र जास्त कडक लिहिलं. त्यावर फोन आला.

"सर, तुमचं लेटर भेटलं. कायच्याबद्दल हाय ते?"

"वाचलं नाही का?"

"वाचलो की सर, दोनदा वाचलो. लई हार्ड हाय. मराठीत सांगा ना."

पोरगा उदगीरचा निघाला, इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झालेला. मी त्याला मराठीत सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, "हाव हाव" म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, "हेच जरा इंग्लिशमध्ये मेल करा सर. तोंडी चालत नाही." मी मेल केला. संध्याकाळी मोबाइलवर निरोप: आपल्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

त्यानंतर मी स्मरणपत्राला हात घातला. स्मरणपत्राचा जोर मजकुरात नसतो, तळाशी 'कॉपी टू' असतं तिथं असतो. पहिल्यात कंपनीचे विभागीय व्यवस्थापक होते. दुसऱ्यात ग्राहक तक्रार निवारण आयोग आणि पालकमंत्री आले. तिसऱ्यात मी राष्ट्रपतींपर्यंत पोचलो आहे, आणि त्यांना सुरुवात 'डिअर सर'नं करता येत नसल्यामुळे मसुदा तूर्त अडला आहे. त्यात मधेच पोस्टानं घात केला. पत्राच्या डोक्यावर 'बाय रजिस्टर्ड एडी' टाइप केलं की समोरच्याला निम्मा घाम तिथंच फुटायचा. 2025 साली टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट उचलून स्पीड पोस्टात विलीन करून टाकलं. पोचपावती मिळेल म्हणतात. पण 'बाय स्पीड पोस्ट' वाचून आजवर कुणी घाबरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उलट, आपल्यालाच घाई असल्यासारखं दिसतं.

दरम्यान गल्लीतल्या वायरमननं रेग्युलेटर बदलून दिला. पंखा एकवर एकच फिरतो, पाचवर पाच. त्यामुळे प्रकरण निकाली निघालं असा अर्थ कंपनीनं काढू नये. पत्रव्यवहार चालू राहील.