२४९ ग्रॅम

परवा आमच्या क्लबाच्या सेक्रेटरींनी माझा वडापाव जोखला. सासवड रस्त्यावर गाडी थांबवून मी पुडी सोडतोय, तोच त्यांच्या खिशातून सोनाराकडे असतो तसला चिमुकला काटा निघाला. "१३८. नॅनो!" असं जाहीर करून त्यांनी मला खायची परवानगी दिली.

असा माणूस प्रत्येक मंडळात असतोच. ट्रेकवाल्यांत तो दोर मोजतो, भजनी मंडळात टाळ. आम्हा हौशी ड्रोनवाल्यांच्या वाट्याला काटा आला.

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २५ पर्यंत स्मॉल, १५० पर्यंत मीडियम आणि पुढे लार्ज, अशी उतरंड आहे. सरकारने ती ड्रोनपुरती रचली. सेक्रेटरींनी चराचराला लावली. क्लबातल्या एकाला नात झाली, तर पेढा तोंडात टाकायच्या आधी यांनी वजन विचारलं. "२ किलो ९००? म्हणजे स्मॉल." आजोबांचा चेहरा पडला. "पण डॉक्टर तर म्हणाले, छान आहे वजन!" स्वतःच्या बायकोला ते चारचौघांत 'मीडियम' म्हणतात. वहिनी खूश असतात. मीडियम १५० किलोपर्यंत चालतं, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

(सेक्रेटरींची सगळी नोकरी वजनमापे खात्यात झाली, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळतं तर निम्मा राग वाचला असता.)

सभासद व्हायचं तर सात पानी अर्ज. सरकारने २०२१ मध्ये ड्रोनचे फॉर्म २५ वरून ५ वर आणले. उरलेले २० आमच्या सेक्रेटरींनी रद्दीतून वाचवले असावेत. अर्जात रक्तगट आहे, चष्म्याचा नंबर आहे, आणि 'पतंग उडवण्याचा पूर्वानुभव' असाही एक रकाना आहे. मी तो रिकामा सोडला, तर अर्ज परत आला. 'नाही' असं लिहून आणा म्हणाले.

एवढं करून ड्रोनवर सभासद क्रमांकाची चिकटपट्टी लावायची. माझा ड्रोन २४९ ग्रॅमचा. पट्टी लावली आणि काट्यावर २५१ आले. सेक्रेटरी दोन मिनिटं गप्प बसले. क्लबाच्याच नियमाने माझा नॅनोचा मायक्रो झाला होता. शेवटी नखाने पट्टीच्या कडा कुरतडत त्यांनी तो पुन्हा २५० वर आणला आणि कपाळाचा घाम पुसला. तेव्हापासून माझा सभासद क्रमांक ११ चा नुसता १ उरला आहे.

आता उडवायचं कुठे? पुण्याचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावर उघडला की हळदीकुंकवाचं ताट दिसतं. लोहगाव विमानतळाच्या कुंपणापासून ५ किलोमीटर लाल, ८ पर्यंत पिवळा, १२ पर्यंत हिरवा खरा, पण २०० फुटांच्या आत. शिवाय खडकवासल्याला एनडीए, खडकी-देहूरोडला लष्कर. म्हणून आम्ही सासवडच्या पुढे एक माळ शोधला. तिथे ४०० फुटांपर्यंत बिनघोर. तेवढ्यात पुरंदरच्या विमानतळाची चर्चा पुन्हा उठली. धावपट्टी कागदावर; पण सेक्रेटरींनी आतापासूनच तिच्यापासून अंतर मोजायला घेतलं. "होणारच आहे ना कधीतरी?" एवढा आशावाद मी विमानखात्याच्या मंत्र्यांतही पाहिला नाही.

लग्नात तर ह्यांना नेऊच नये. मंगलाष्टकांतलं 'सावधान' शब्दशः घेणारा हा एकच वऱ्हाडी. वर ड्रोन घोंगावायला लागला तसे हे अंतरपाटामागून थेट उडवणाऱ्या पोरापाशी. "यूआयएन काय तुझ्या ड्रोनचा? नोंदणी क्रमांक?" पोरगं म्हणालं, "काका, तुम्ही मुलाकडचे का मुलीकडचे?" वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. त्यातल्या चार सेक्रेटरींनी काट्यावर झेलल्या.

ह्या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला तीन वर्षं लागली. सेक्रेटरी स्वतः ड्रोन उडवत नाहीत. दर रविवारी माळावर येतात, वारा बघतात, बॅटऱ्या मोजतात, आणि आमचा ड्रोन वर गेला की डोळ्यांवर हात धरून तो दिसेनासा होईपर्यंत उभे राहतात. खरं तर दिसेनासा होऊ द्यायचा नाही, हा त्यांचाच नियम. पण तेवढ्या वेळात ते ओरडत नाहीत.

यंदा संक्रांतीला त्यांना कोथरूडला आमच्या गच्चीवर बोलावलं. मुलाने पतंग पुढे केला. सवयीने काटा निघाला, १९ ग्रॅम. पण 'नॅनो' म्हणायचं ते विसरले. कन्नी अशी बांधली की मुलगा बघत राहिला. मांजा नको, साधा दोरा दे, म्हणाले. मग दोनच हिसके, आणि पतंग वर. सत्तरीचा माणूस चप्पल काढून कठड्याशी उभा, तोंड उघडं, बोटावरून दोरा सुर्रकन सुटतोय. इतकी ढील मी जन्मात पाहिली नव्हती.

तेवढ्यात पार उंचावरून, पतंगाशी काही घेणंदेणं नसलेलं एक विमान लोहगावकडे निघालं. सेक्रेटरींनी ते पाहिलं आणि भराभर दोरा ओढायला सुरुवात केली. शेजारच्या गच्चीवरची पोरं हसली. पतंग जवळजवळ आमच्या डोक्यावर आला, तसा त्यांनी तो तिथेच धरून ठेवला.

"जाऊ दे त्याला आधी," म्हणाले.