डेझर्ट थीमवाला भाऊ

अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टिळक रोडपर्यंत कुठल्याही फोटो स्टुडिओत शिरा, मागच्या खोलीत तो बसलेला सापडेल. पुढच्या खोलीत फोटोग्राफर गिऱ्हाईक सांभाळतो, मागच्या खोलीत हा माणसं कापतो. स्टुडिओवाला त्याला डिझायनर म्हणतो, गिऱ्हाईक भाऊ म्हणतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकतो तेव्हा खोलीतल्या एकुलत्या एक कूलरचं तोंड भाऊकडे नसतं, सीपीयूकडे असतं. "मानूस आजारी पडला तं उद्या येते. हे बंद पडलं तं तीन लग्नं अटकतेत."

भाऊची खासियत म्हणजे डेझर्ट थीम. नवरदेव-नवरीचे प्री-वेडिंग फोटो निघतात वडाळीच्या बांबू गार्डनमध्ये नाहीतर छत्री तलावावर, पण अल्बमात ते दोघं जैसलमेरच्या वाळूत उभे राहतात. आता या मुलखाला ऊन आयात करायची गरज आहे का? दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या एका नवरदेवाला मी सहज म्हणालो, "तुमच्याच शेतात काढा की फोटो. विहिरीचं पाणी खारं, उन्हाळ्यात जमिनीला हातभर भेगा, सावलीला एक बाभूळ. आणखी काय पाहिजे?" नवरदेव दुखावला. "थे आमचं वावर हाय, डेझर्ट थोडीच हाय!" भाऊने मान डोलावली. आपल्या उन्हाचं पंचनाम्यात नाव येतं, अल्बमात नाही, हे तो फार आधीच समजून बसला आहे.

भाऊ अजून फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीवर आहे. ती २००२ मध्ये आली. पुढे कितीतरी आवृत्त्या निघाल्या, पण भाऊ हलला नाही, कारण हीलिंग ब्रश याच आवृत्तीत पहिल्यांदा आला. कंपनीने तो चेहऱ्यावरचे डाग-सुरकुत्या घालवायला दिला असेल, भाऊ त्याने घाम पुसतो. दुपारी साडेबाराचा मुहूर्त, पत्र्याचा मांडव, नवरदेवाच्या अंगात कोट. एका लग्नात पुसायला इतका घाम असतो की खारपाणपट्टा थोडा गावाकडे सरकावा.

त्याचं वाळवंट कसं तयार होतं ते पाहण्यासारखं आहे. पेन टूलने नवरी कापायची, कडा दोन पिक्सेल मऊ करायच्या. केसांच्या बटा कापण्याच्या भानगडीत पडायचं नाही. डोक्यावर पदर असला तर भाऊ त्या घराण्याला मनापासून दुवा देतो. मग खाली वाळूचा लेयर, त्यावर किल्ल्याचा, त्यावर उंटाचा, सगळ्यांत वर मावळतीचा सूर्य. फाइलींची नावं 'नवरी फायनल', 'नवरी फायनल दोन', 'नवरी लास्ट फायनल' अशी चढत जातात, आणि छापायला शेवटी 'नवरी फायनल'च जाते.

वाळूचा मूळ फोटो विंडोज सेव्हनसोबत फुकट मिळालेला. पेंग्विन, कोआला आणि जेलीफिशच्या शेजारी त्या फोल्डरात 'डेझर्ट' नावाचं एक चित्र होतं, तेच. ते अमेरिकेतल्या लाल खडकांचं आहे, पण त्यावर राजस्थानी उंट उभा केला की भूगोलाचा आवाज बंद होतो. खरी अडचण मापाची. ते चित्र १०२४ पिक्सेल रुंद आणि अल्बमचं पान १२ बाय ३६ इंच. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, इथे जेमतेम २८ येतात. नवरीचे काका चष्मा सरकवून म्हणतात, "भाऊ, हे जरा फाटल्यावानी दिसून रायलं." भाऊ शांतपणे सांगतो, "काका, वाळू हाय थे. वाळू अशीच दिसते."

सावल्यांचं त्याला वावडं आहे. पडद्यावरचा सूर्य डावीकडे, छत्री तलावावरचा उजवीकडे, त्यामुळे जोडप्याच्या नाकाची सावली एकीकडे आणि उंटाची दुसरीकडे पडते. अकोल्यात मात्र याबद्दल आजवर एकानेही तक्रार केलेली नाही. तिथल्या मे महिन्यात आकाशात दोन सूर्य असतात, यावर एकमत असावं.

२०२२ च्या जानेवारीत तर खरं वाळवंट आपण होऊन दाराशी आलं. कच्छहून निघालेले ५८ उंट तळेगाव दशासर पोलिसांनी अडवले आणि अमरावतीच्या गोरक्षणात आणून ठेवले. पेपरात फोटो आले, प्रकरण कोर्टात गेलं. मी धावत स्टुडिओत गेलो. म्हटलं, "भाऊ, कॅमेरा घ्या, ५८ मॉडेल फुकट उभे आहेत." भाऊने माऊसवरचा हात काढला नाही. "त्यायच्या मागं भिंत हाय, पुढं कुटार हाय, पायात एकमेकाचे पाय हायेत. कोन कापत बसन? माह्याजवळचा उंट कापून तयार हाय." आणि खरंच, त्या एका उंटावर भाऊने जिल्ह्यातली निम्मी लग्नं लावली आहेत. कधी तो उजवीकडे पाहतो, कधी आरशात पाहिल्यासारखा डावीकडे.

भाऊचा खरा अभ्यास उंटांचा नाही, नातेवाइकांचा आहे. रुसून न आलेला मामा जुन्या बारशाच्या फोटोतून उचलून वाळूत उभा करायचा, मधे घुसलेल्या मेव्हण्याच्या जागी खजुराचं झाड लावायचं. लग्नानंतर सहा महिन्यांत संबंध बदलतात, तशी कुटुंबं परत येतात. "या आत्याबाईले जरा मांगं घ्या." भाऊ कारण विचारत नाही. आत्याबाईंना तो किल्ल्याच्या बुरुजावर नेऊन ठेवतो. फाइल मात्र लेयरसकट जपतो, कारण पुढच्या दिवाळीला आत्याबाई पुढे येण्याची शक्यता असते.

म्हणूनच अल्बम कधी वेळेवर मिळत नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एका लेनचं ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरलं गेलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. एका वधूपित्याने त्या विक्रमाचं कात्रण भाऊच्या टेबलावर आपटलं. "अख्खा रस्ता पाच दिवसांत झाला, तुह्यी चाळीस पानं काऊन होत नाही रे?" भाऊ म्हणाला, "रस्त्याले आत्याबाई नसते, काकाजी."

एकदा मी त्याला फोटोशॉपची जन्मकथा सांगितली. जॉन नॉलने बोरा बोरा बेटावर आपल्या मैत्रिणीचा, जेनिफरचा, ती वाळूत पाठमोरी बसलेली असताना फोटो काढला. त्याच दिवशी तिला मागणी घातली, आणि पुढे भावाने लिहिलेला हा प्रोग्राम लोकांना दाखवताना तोच फोटो वापरला. भाऊने पहिल्यांदाच काम थांबवलं. "म्हनजे पयलं काम प्री-वेडिंगचंच होतं! अन् वाळूतच!" मग थोडा विचार करून त्याने विचारलं, "पाठमोरी काऊन पन? चेहरा कापाले जमला नसन."

इतकी वाळू पसरूनही भाऊ बडनेऱ्याच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. गेल्या हिवाळ्यात स्टुडिओवाल्याला एका बड्या पार्टीचं खरोखर जैसलमेरमधलं शूटिंग मिळालं. गाडीत जागा होती, त्याने भाऊला चल म्हटलं. भाऊने साफ नकार दिला. "कायले येऊ? तिथला उंट जिथं उभा हाय तिथंच रायते. मले डावीकडं लागते."