पुराव्यानिशी लंगडे

वेल्ह्याहून स्वारगेटला निघालेल्या एसटीत कंडक्टरने तिकिटं काढली. धडधाकट काकूंचं अर्धं निघालं आणि काठी टेकत, दांड्याला लटकत कसेबसे चढलेल्या तात्यांचं पूर्ण. कंडक्टरची चूक नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. दिव्यांगांना तर पंचाहत्तर टक्के सवलत आहे, पण ती ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांना. तात्या प्रमाणपत्र आणायलाच निघाले होते. लंगडेपण सिद्ध होईपर्यंत महामंडळाच्या लेखी ते ठणठणीत प्रवासी होते आणि ठणठणीत प्रवाशाने पूर्ण पैसे मोजायचे असतात.

हे तात्या नेमके कुठले, असं विचारू नका. नसरापूर, कापूरहोळ, भोर, वेल्हे, कुठल्याही थांब्यावर सकाळी उभे राहा. कापडदुकानाच्या पिशवीत एक्स-रेची गुंडाळी धरलेले तीन-चार तात्या सहज दिसतील. मी त्या सगळ्यांचा मिळून एक केला आहे. (वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, हे मला ठाऊक आहे. पत्रं पाठवू नयेत.)

आमचे तात्या मे महिन्यात घर शाकारताना कौलांवरून खाली आले. खुबा गेला, उजवं मनगट गेलं. पुण्याला न्यायचं तर गाडीभाडं आडवं आलं, म्हणून आधी हाडवैद्य. त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप दिला, गूळ-खोबरं घेतलं आणि सव्वा महिन्याने सोडलं. हाड बसलं, पण वाकडं बसलं. आता अडचण अशी की हाडवैद्य डिस्चार्ज कार्ड देत नाही. तात्यांच्या अपघाताला साक्षीदार अख्खी आळी आहे, पण आळीवर शिक्का नसतो. ‘पडल्याचे कागद कुठे आहेत?’ या प्रश्नाला ‘साहेब, पडलो तेव्हा हातात कौलं होती’ हे उत्तर खरं असलं तरी फाईलला लावता येत नाही.

अर्ज ऑनलाइन. संकेतस्थळाच्या नावातच स्वावलंबन आहे, त्यामुळे तो भरायला नाक्यावरच्या सायबरवाल्या पोराला पन्नास रुपये द्यावे लागतात. फोटो, आधार, राहण्याचा पुरावा, सही किंवा अंगठा. सर्व्हर डाउन असेल तर चहा. मग संदेश येतो, तारीख येते. २०१७ च्या नियमात प्रमाणपत्र महिन्याभरात द्यावं असं होतं. २०२४ मध्ये नियम सुधारले आणि महिन्याचे तीन महिने झाले. शिवाय दोन वर्षांत निर्णयच झाला नाही तर अर्ज आपोआप निकालात, पुन्हा नव्याने भरा. सरकारला उशीर झाला तर अर्जदाराचा अर्ज मरतो, ही सुधारणा ज्याला सुचली त्याच्या बुद्धीची टक्केवारी मोजणारं मंडळ अजून नेमलेलं नाही.

मग पुरावे जमवणं सुरू झालं. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार फुकट आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण कोणी म्हणालं नवा एक्स-रे आणा, कोणी म्हणालं जुनाच हवा, नव्यावरून कधी मोडलं ते कळत नाही. जुना एक होता, खाजगीत काढलेला. तो नातवाने ग्रहण बघायला नेला होता. सापडला तेव्हा पावसाळ्यातल्या ओलीने दुसऱ्या प्लेटला चिकटलेला. सोलला तर खुब्यावरच पांढरा डाग पडला. तात्यांना त्या डागाची फार आशा होती. त्यांना वाटलं, हाच रोग दिसतोय.

आता खुद्द तपासणी. डॉक्टरांना बोल लावणार नाही. एक हाडांचा डॉक्टर आणि बाहेर जत्रा, अशात कोनमापक लावून खुबा किती अंश वळतो ते बघणारा माणूस संतच म्हणायचा. गंमत मोजमापाच्या यादीत आहे. पायासाठी बघायचं काय? सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, एका पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं. हातासाठी डोक्यावरची वस्तू उचलणं, पेला तोंडाला लावणं, सदरा चढवणं, बटण लावणं, नाडी बांधणं, लिहिणं. यादी शहाण्या माणसांनी केली आहे, नाडीसुद्धा विसरले नाहीत. फक्त गुडघाभर चिखलात ओणवं राहून भाताची लावणी करणं त्यात नाही. विळा धरणं नाही. तात्यांना गेल्या तीस वर्षांत लिहायची वेळ दोन-चारदा आली असेल. विळा रोज लागायचा.

तरी यादीतली कामंही तात्यांना जमत नाहीत. पण खोलीत तरुण डॉक्टरीणबाई, शेजारी दोन शिकाऊ पोरं, आणि तात्या पडले मावळातले.

‘काका, शर्टाचं बटण लावता येतं?’

‘येतं की! न यायला काय झालं?’

आणि दात-ओठ खाऊन, घामाघूम होऊन, तात्यांनी वरून दुसरं बटण लावून दाखवलं. काकू मागून कळवळल्या, ‘अवो, कशाला उगा? रोज मी लावते न्हवं बटणं!’ तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंनी काकूंची साक्ष नोंदवलीच नाही. उकिडवं बसायला सांगितलं तर बसलेही. उठवायला दोघं लागले, पण कागदावर रकाना बसण्याचा होता. चारचौघांत ‘मला जमत नाही’ म्हणायला जो निर्लज्जपणा लागतो तो तात्यांच्या सात पिढ्यांत नव्हता. वैद्यकीय पुरावा तिथेच अर्धा बाद झाला.

निर्लज्जपणाची कमतरता सगळीकडेच आहे असं नाही. प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण २०२४ च्या जुलैत गाजलं, यूपीएससीने उमेदवारी रद्द केली, बाकीचं न्यायालय बघेल. २०२५ मध्ये दिव्यांग कल्याण विभागाने जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं पुन्हा तपासायला घेतली. चांगलंच केलं. पण संशयाचा उतारही पाण्यासारखाच, खाली जातो. खुर्चीवरच्या माणसाने खोटा कागद दाखवला की रांगेतल्या माणसाच्या खऱ्या पायाकडे दोनदा बघितलं जातं.

याच मुलखातला जुना दाखला देतो. प्रतापगडच्या लढाईनंतर, १६५९ साली, महाराजांनी जखमी मावळ्यांना जखम पाहून कोणाला दोनशे, कोणाला शंभर, कोणाला पन्नास, कोणाला पंचवीस होन दिल्याचं सभासदाने बखरीत लिहून ठेवलं आहे. त्या मोहिमेत भोरजवळच्या कारीचे कान्होजी जेधे होते. म्हणजे टक्केवारी तेव्हाही होती, चार पायऱ्यांची. फरक एवढाच की जखम बघून होन मिळत होते, जखमेची झेरॉक्स बघून नव्हे. आणि कोणी मावळा ‘बटण लावून दाखव’ म्हटल्यावर फसल्याची नोंद नाही. अंगरख्याला बंद असत.

निकाल लागला. पाय पंचवीस टक्के, हात वीस टक्के. तात्या खूश. चौथी पास माणूस, पंचवीस आणि वीस पंचेचाळीस, आणि सवलतींची हद्द चाळिसाची. पण अपंगत्वाची बेरीज अशी होत नाही. मोठा आकडा अ, छोटा आकडा ब. नव्वदातून अ वजा करा, त्याला ब ने गुणा, नव्वदने भागा, मग अ मध्ये मिळवा. हे सूत्र मी रचलेलं नाही, मार्गदर्शक तत्त्वांत आहे. नव्वद वजा पंचवीस पासष्ट, गुणिले वीस, भागिले नव्वद : १४.४४. एकूण ३९.४४. शास्त्र म्हणून त्यात काही चूक नसेल. पाय आधीच अधू असलेल्या माणसाचा हात मोडला तर तो थोडा कमीच मोडतो, असं शास्त्र म्हणतं. तात्यांचा अनुभव उलटा आहे. काठी उजव्या हातात धरायची असते.

कार्ड आलं. चाळीसच्या आत पांढरं, चाळीसच्या पुढे पिवळं, ऐंशीच्या पुढे निळं. तात्यांना पांढरं. रेशनकार्डातही पांढरं म्हणजे खाऊनपिऊन सुखी, पिवळं म्हणजे गरजू. सरकारच्या रंगज्ञानात निदान सातत्य आहे. पांढऱ्या कार्डावर एसटी नाही, संजय गांधी निराधार नाही. त्या योजनेत दिव्यांगांचे दीड हजाराचे अडीच हजार २०२५ मध्ये झाले, म्हणजे वाढ नेमकी दाराशी आली आणि दार छप्पन्न शतांशाने लागलं. पिवळं मिळालं असतं तरी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला पन्नास हजारांच्या आत असल्याचा पुरावा उरलाच होता. लाडकी बहीण व्हायला अडीच लाख चालतात. लंगड्या भावाने पन्नास हजारांत बसून दाखवायचं.

अपील करता येतं, असं सायबरवाल्याने सांगितलं. नवा एक्स-रे, नवी तारीख, पुन्हा एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट. ओट्यावर खल चालला. कोणी म्हणालं सरपंचाची चिठ्ठी घ्या, कोणी म्हणालं यंदा बटण लावू नका. शेजारच्या बापूंनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि हिशेबी आवाजात विचारलं, ‘तात्या, अर्धा टक्काच कमी पडतोय ना? मग घाबरता कशाला? मे महिना आलाय, घर तर शाकारायचंच आहे.’