वयोगट आठ ते दहा

मुलांना शिकवणाऱ्या गोष्टी लिहून-रंगवून पोट भरणाऱ्या माणसानं फर्दापूरला मुक्काम करू नये. तिथून जवळच अजिंठ्याची लेणी आहेत आणि आपलंच काम तिथं कुणीतरी दीड हजार वर्षांपूर्वी करून ठेवलंय. सोळाव्या लेण्याचा खर्च वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं केला, हे शिलालेखात आहे. त्यानं शेरे किती मारले, ते मात्र कोरलेलं नाही.

माझ्याकडे काम होतं जातककथांच्या पुस्तिकेचं. बत्तीस पानं, वयोगट आठ ते दहा, प्रत्येक कथेखाली अध्ययन निष्पत्ती. षड्दंत हत्तीची गोष्ट मी मन लावून लिहिली. राणीला त्याचे सुळे हवे असतात, शिकाऱ्याला ते कापता येत नाहीत, शेवटी हत्तीच स्वतःचे सुळे काढून देतो. संपादकांचा निरोप आला : “छान! फक्त सुळ्यांचा प्रसंग गाळता येईल का? हिंसा वाटते.” सुळे गाळल्यावर उरतो तो तळ्यात डुंबणारा हत्ती. निष्पत्ती : विद्यार्थी अंघोळीचे महत्त्व सांगतो.

लेण्यांतल्या चित्रकारांनी हा हत्ती दहाव्या लेण्यात रंगवला आणि काही शतकांनी सतराव्यात पुन्हा. दोन्हीकडे सुळे बघून राणीला भोवळ येते. कुणी गाळलं नाही. शिवाय त्यांची मांडणी बघावी. आम्ही चौकटी एकामागून एक लावतो, मूल हरवेल म्हणून. इथं बऱ्याच भिंतींवर प्रसंग काळानुसार नाहीत, जागेनुसार आहेत : राजवाड्यातलं सगळं एकीकडे, अरण्यातलं सगळं दुसरीकडे. गोष्ट माहीत असणाऱ्यानं बोट फिरवत सांगायची. आमच्या बैठकीत हा आराखडा पहिल्या चहाआधीच पडला असता.

मुदतीचं तर बोलूच नये. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात इथल्या चित्रांच्या नकला करत होते. पुढं त्यांतल्या बऱ्याच लंडनला आगीत गेल्या. १९०९ ते ११च्या हिवाळ्यांत याच कामासाठी लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांचा तळ फर्दापूरलाच होता आणि मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हालदार असे तरुण. नुसती नक्कल करायला एवढे हिवाळे! मला मूळ चित्रं शुक्रवारपर्यंत द्यायची होती.

खरा शिक्षक मात्र लेण्यांच्या वाटेवर, टी पॉइंटला भेटला. तिथं आपली गाडी सोडून बसनं पुढं जायचं असतं, आणि बसपर्यंत पोचू न देणं हे दगड विकणाऱ्यांचं काम. एकानं काळपट, ओबडधोबड गोटा पुढं धरला. “साहेब, घेऊ नका, नुसतं बघा,” म्हणत दोन फाकी उघडल्या. आत लखलखता स्फटिक. शिक्षक-पुस्तिकेत ‘कुतूहल जागृती’ या मथळ्याखाली आम्ही अख्खं पान खर्ची घालतो. या गृहस्थानं ते दोन सेकंदांत उरकलं. वर निष्पत्तीही साधली, मी गोटा घेतला.

दुसऱ्या लेण्यात हारिती आणि पांचिक यांच्या मूर्ती आहेत. हारिती म्हणजे मुलं पळवणारी यक्षी, पुढं मुलांची रक्षणकर्ती झाली. लोक मूर्ती बघून पुढं सरकतात. खाली पायापाशी बघावं. तिथं एक शाळा कोरलीय. गुरुजींच्या हातात छडी, पुढची पोरं अभ्यासात, मागची खेळात दंग. शिल्पकार कुठं बसत असावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ही शाळा मी मुखपृष्ठावर घेतली. संपादकांचा फोन आला. “मागची मुलं लक्ष देत नाहीत हो. चुकीचा संदेश जाईल.”

“त्यांना काढलं तर अजिंठा राहत नाही, मॅडम.”

“आणि छडी?”

छडी मी आधीच काढली होती. शिक्षण हक्क कायदा, २००९. आता गुरुजींच्या उगारलेल्या हातात काय द्यायचं यावर बैठक आहे. सध्या फुलाचं नाव आघाडीवर आहे.